मातामायपुढून डोंगा

मला पोहता येत नाही. तेव्हाही येत नव्हतं. तरी चांदा जिल्ह्यातल्या एका नाल्यावरून आठ बायकांना डोंग्यातून न्यायचं कसं, याचा सगळा बेत मी आखला होता, आणि त्या आठांपैकी एकीलाही पोहता येत नव्हतं. शिवाय त्यांतली एकही बाई त्याआधी डोंग्यात बसलेली नव्हती. पाण्याच्या काठी जन्म काढूनही डोंग्यात न बसलेली माणसं असतात, हे बाहेरच्यांना खरं वाटत नाही. पण डोंगा मासेमार ढिवरांचा. कुणब्याची बाई बैलगाडीत बसते, नाहीतर पायी चालते, आणि पाणी आडवं आलं तर ते उतरेपर्यंत अलीकडे बसून राहते.

मी विकास गटाची नर्स होते. धानोऱ्याकडे काही काळ काढला आणि मग बदली होऊन वैनगंगेजवळच्या या धानाच्या गावात आले. जवळच्या म्हणजे कोरड्या दिवसांत. पावसाळ्यात एका बाजूने नाला आणि बाकी सगळ्या बाजूंनी चिखल, असं ते गाव बंद होऊन जायचं. गटाची जीप गावात दिसायची ती दिवाळीनंतर. त्या वर्षी बायकांना सुईणपण शिकवायचे वर्ग निघाले. दर बाजाराच्या दिवशी, नदीकाठच्या मोठ्या गावातल्या दवाखान्यात, आणि सुरुवात श्रावणात. श्रावणातच का, असं मी विचारलं तेव्हा कळलं की तारखा वरून ठरून आल्या आहेत. वर म्हणजे आधी नागपूर होतं, आता मुंबई झालं होतं. मुंबईच्या कुणीतरी नकाशावर आमचं गाव आणि तो दवाखाना यांच्यामध्ये बोट ठेवून पाहिलं असणार आणि अंतर बोटभरच भरलं असणार. त्या बोटाखाली नाला होता.

आठांपैकी सातजणी आल्या नसत्या तरी जग बुडालं नसतं. हे बोलणं वाईट दिसतं, पण खरं आहे. दवाखान्यात साबण आणि कात्री फुकट मिळते असं ऐकून त्या तयार झाल्या होत्या. त्यांत एक जंगलातल्या टोल्यावरची गोंड बाई होती, ती मात्र मुकाट्याने ऐकायची आणि ऐकलेलं लक्षात ठेवायची. आठवीची गोष्ट वेगळी होती. ती गावच्या सुइणीची सून.

सुईण म्हातारी होती. गावातली अर्धी माणसं तिच्या हातांवर जन्मली होती आणि ती त्यांच्यावर खेकसायचीसुद्धा त्याच हक्काने. पण दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू वाढला होता. ती सगळं चाचपून करायची. उन्हाळ्यात एका बाळंतणीला रक्त जात राहिलं आणि ते तिला दिसलंच नाही. ती बाई कशीबशी वाचली. त्यानंतर लोक तोंडावर काही म्हणत नसत, पण मागे कुजबुजत. आसपास दुसरी सुईण नव्हती. सून सासूबरोबर जायची, सामान द्यायची, पाणी तापवायची आणि पाहून पाहून बरंच शिकली होती. पाहून शिकलेल्यात आणि शिकवलेल्यात फरक असतो, हे तिला माझ्याआधी कळलं होतं. वर्गाची बातमी मी गावात सांगितली तेव्हा ती धानाच्या रोवणीतून चिखलाच्या पायांनी तशीच माझ्याकडे आली.

तिला हे का हवं आहे, ते तिने मला एकदाच सांगितलं. "घरात समदं काम माह्याच हातचं, बाई. पण भरोसा कोणाचाच नाई. भाजीत मीठ टाकलं तरी सासरे पुसते, टाकलं का म्हून. बाळंतणीपाशी गेली का तेच बाई माह्या हाताले धरून बसते. तिले नाई पुसावं लागत."

मी नोकरीत बऱ्याच बायकांना बरंच काही शिकवलं. एवढ्या सरळ कारणाने शिकायला आलेली ही एकच.

सासरा कमी बोलणारा माणूस होता. वाईट नव्हता. त्याला पाण्याची भीती होती आणि भीती वाटते असं म्हणायची त्या घरात रीत नव्हती, म्हणून तो अटी घालायचा. मी त्याच्या ओसरीवर तीनदा जाऊन बसले. तिसऱ्या खेपेला तो म्हणाला, "एक डाव जाऊ देतो. काई इपरित झालं तं मंग पुन्हा नाव काढाचं नाई. ना तुमी, ना तिनं." म्हातारी आत बसून ऐकत होती. म्हणजे सगळं त्या पहिल्या खेपेवर आलं. ती नीट पार पडली तर सून शिकणार, आणि गावाला सुईण मिळणार. नाही पडली तर सून आयुष्यभर मिठाचा जाब देत बसणार.

डोंगेवाला ढिवर आणि त्याची बायको, दोघंही एकेक डोंगा चालवायची. गावातले पुरुष राजी झाले ते या बायकोमुळे. परक्या पुरुषाच्या डोंग्यात आपल्या बायका कशा बसवायच्या, हा प्रश्न तिने बांबू हातात घेऊन उभं राहूनच मिटवला. नवरा बोलका, थट्टेखोर. बायको कामाचं तेवढंच बोलणारी. मी दोघांबरोबर आधी एकटी जाऊन आले, मग डोंग्यात धानाची पोती भरून त्यांना पाठवलं, कारण मला वजन भरल्यावर डोंगा किती बुडतो ते पाहायचं होतं. पोती सुखरूप परत आली. मी समाधानाने मान हलवली, तेव्हा तो म्हणाला, "पोतं गुमान बसते, बाई. माणूस बसत नाई." मला ते फाजील वाटलं.

आता पाण्याचं सांगते, कारण बेत सगळा पाण्यावर होता. आमचा नाला म्हणजे पावसाच्या धो-धो दिवसांत वेडा. तेव्हा त्यात ढिवरही उतरत नसे. पण पाऊस थांबला आणि तिकडे वैनगंगा भरलेली असली की नाल्याच्या पाण्याला पुढे जायला जागा उरत नाही. ते तुंबतं, मागे सरकतं, बांधांवरून शेतांत पसरतं आणि तळ्यासारखं निवांत उभं राहतं. याला फुगवटा म्हणतात. फुगवट्यावर धार नसते, ओढ नसते, नवख्या माणसाला याहून चांगलं पाणी मिळायचं नाही. मात्र नदी ओसरायला लागली की तेच पाणी घाईघाईने परत निघतं, आणि मग मधले खडक, बाभळीचे बुंधे, सगळं वर येतं. म्हणून जायचं ते फुगवटा भरल्यावर आणि परतायचं ते तो सुटायच्या आत. ढिवराची रीत साधी होती. आदल्या संध्याकाळी पाण्याच्या काठावर काडी रोवायची. सकाळी पाणी काडीला टेकलेलं असलं तर डोंगा सोडायचा. काडी कोरड्यात दिसली तर घरी जाऊन झोपायचं.

दोन गोष्टींवर आमचं वाजलं. दोन्ही डोंगे बांबूंनी एकमेकांना जोडावेत म्हणजे डुलणार नाहीत, असं माझं म्हणणं. त्याचं म्हणणं, बुडालेल्या बाभळींमधून वाट अरुंद आहे, जोडलेले डोंगे तिथे अडकून बसतील. मी जाऊन पाहिलं, खरंच वाट अरुंद होती, मी सोडून दिलं. दुसरी गोष्ट भोपळ्यांची. ढिवरांची पोरं पोहायला शिकताना कमरेला वाळलेले भोपळे बांधतात. मी म्हटलं, प्रत्येक बाईच्या पाठीशी भोपळ्यांची जोडी हवी. तो हसला. फुगवट्यावर भोपळे बांधून नेले तर ढिवरवाडा आपल्याला हसेल, म्हणाला. मी म्हटलं, हसू दे. त्याच्या बायकोने दुसऱ्या दिवशी वाड्यातले सगळे भोपळे गोळा करून आणले आणि तो वाद तिथेच संपला.

बायकांनी मात्र भोपळ्यांना फार नाकं मुरडली. पाठीला भोपळे बांधून गावातून कसं चालायचं? मी सांगितलं की घाटावर बांधू. मग घाटावर लोक पाहतील. लोक तर पाहणारच होते, आठ बायका पाण्यावरून निघाल्यावर ते काय डोळे मिटून बसणार? नकटीच्या लग्नाला सतराशे विघ्नं म्हणतात. इथे नकटी आठ होत्या.

सगळ्यांत जास्त कुरकुर सुनेच्या चुलत सासूची. अंगाने भक्कम, तोंडाने त्याहून भक्कम. तिला यायचंही होतं आणि आपल्याला ओढून नेलं असं दिसायलाही हवं होतं. मी तिला सुनेच्याच डोंग्यात, सुनेच्या पुढे बसवलं, म्हणजे घरचं माणूस घरच्या माणसापाशी राहील. या हिशेबाबद्दल मी तेव्हा स्वतःवर खूश होते.

मी त्यांची तालीम घेतली ती जमिनीवर. ढिवराने दोन्ही डोंगे गवतावर ओढून ठेवले आणि बायकांना त्यांत बसवलं. एकामागे एक, तळाशी, पाय दुमडून, कासोटा घट्ट. अख्खं गाव पाहायला लोटलं. कोरड्या गवतावरच्या डोंग्यात बसलेल्या बायका म्हणजे गावाला फुकटचा तमाशा. पण मी नेटाने तालीम घेतली. नियम एकच होता, काही झालं तरी उठायचं नाही. मासा उडून मांडीवर पडला, उठायचं नाही. फांदीवरून किडा पडला, उठायचं नाही. ढिवरीण डोंगा मुद्दाम डोलवायची. मी मागून जाऊन एकदम "साप" म्हणून ओरडले, तरी एकही उठली नाही. चुलत सासूने तेवढी मला एक शिवी दिली, बसूनच. शेवटी ढिवरसुद्धा म्हणाला की आता काही भीती नाही. जे जे घडू शकतं ते सगळं आम्ही घडवून पाहिलं आहे, अशी माझी खात्री झाली होती.

बाजाराच्या दिवशी सकाळी पाणी काडीला टेकलेलं होतं. आभाळ उघडलेलं. जुनी लुगडी नेसून या असं बजावलं होतं, तरी सगळ्या ठेवणीतली नेसून आल्या. सासरा घाटावर आला आणि लांब उभा राहिला. म्हातारीला कुणीतरी हात धरून आणलं होतं. ढिवराने आणि त्याच्या बायकोने ओंजळभर पाणी कपाळाला लावलं. भोपळे बांधले गेले, लोक पोटभर हसले, आणि आम्ही निघालो. ढिवराच्या डोंग्यात मी आणि चौघी, मागून ढिवरिणीच्या डोंग्यात बाकीच्या चौघी.

पाणी अगदी स्थिर होतं. बुडालेल्या बांधांचे फक्त कडेचे गवताचे शेंडे दिसत होते आणि खाली धान तसंच उभं. बायका आधी देवाचं नाव घेत होत्या, मग गप्प झाल्या, मग बोलू लागल्या. कुणाचं शेत कुठलं, ते पाण्यातून ओळखायचा खेळ सुरू झाला. गोंड बाईने पाण्यात हात घातला आणि बराच वेळ तसाच ठेवला. मला फार बरं वाटत होतं. आपण आखलेली गोष्ट आखल्यासारखी चालली आहे, हे सुख सरकारी नोकरीत क्वचित मिळतं.

नाल्याचं एक मोठं वळण आहे. एरवी नाला ते वळण घेऊनच जातो, पण फुगवट्यात पाणी शेतांत पसरलेलं असल्याने ढिवर लोक सरळ शेतांवरून डोंगा काढतात. त्या आडवाटेवर, उंचवट्यावरच्या कडुनिंबाखाली, गावची मातामाय आहे. शेंदूर लावलेल्या चार शिळा आणि फाटकी निशाणं. एरवी तिथून गाडीवाट जाते. त्या दिवशी पाणी अगदी पायथ्याशी आलं होतं, आणि डोंगा बाभळींमधून बाहेर पडला तो थेट मातामायच्या समोर.

आमच्याकडे मातामायपुढून कुणी बसून जात नाही. गाडीत असाल तर गाडी थांबवायची, खाली उतरायचं, चपला काढायच्या, डोक्यावर पदर घेऊन चालत पुढे जायचं आणि मग परत गाडीत बसायचं. नवरीची गाडीसुद्धा थांबते. आजारी माणसाला दोघंजण धरून उतरवतात. मीही त्या वाटेवर प्रत्येक वेळी उतरले होते. यात विचार करण्यासारखं काही नसतं, पाय आपोआप उचलले जातात. ढिवरांची रीत वेगळी. ते पाण्यावरून जाताना मातामायच्या दिशेने ओंजळभर पाणी उडवतात आणि पुढे जातात. त्यामुळे ढिवराच्याही डोक्यात आलं नाही आणि माझ्याही.

चौघींपैकी तिघी एकदम उठल्या. उतरायला.

सापाला न उठलेल्या बायका होत्या त्या. चौथी, गोंड बाई, बसून होती, तिचे देव तिच्या रानात होते. पण डोंगा उलटताना कुणाचे देव कुठे आहेत ते पाहत नाही. ढिवराने बांबू रोवून तोल धरायचा प्रयत्न केला आणि तो सगळ्यांत लांब जाऊन पडला.

बुडणं म्हणजे काय हे मी नीट सांगू शकत नाही, कारण मी बुडाले नाही. नाकातोंडात गढूळ पाणी गेलं, कानांत एक मोठा आवाज झाला आणि मग पाठीमागून कुणीतरी लुगड्याला धरून वर ओढावं तशी मी वर आले. भोपळे होते ते. भीती वाटली का? वाटली, चांगलीच. पण त्याहून जास्त राग आला. कुणावर, ते ठरवायला वेळ मिळाला नाही. आजूबाजूला तिघी भोपळ्यांवर तरंगत होत्या आणि चौथी पाण्यात चिखलाला पाय लावून उभी होती, पाणी तिच्या हनुवटीला. धार नव्हती, म्हणून कुणी कुठे वाहून जात नव्हतं. बेताचा तेवढा भाग तरी बरोबर निघाला.

तोंडावरचं पाणी पुसून मी मागे पाहिलं. दुसरा डोंगा डुलत होता, पण सरळ होता. चुलत सासू अर्धी उठलेली, दोन्ही हात जोडायला पुढे केलेले, आणि सुनेने मागून तिच्या कमरेच्या लुगड्यात दोन्ही मुठी घालून तिला खाली ओढून धरलेलं. सुनेचे पाय समोरच्या फळीला रेटलेले होते. ती मातामायकडे पाहतसुद्धा नव्हती. चुलत सासू तोंडाने मातामायची क्षमा मागत होती आणि मध्येच सुनेला शिव्या देत होती. ढिवरिणीने बांबू खोल दाबून डोंगा जागेवर उभा ठेवला. बाकीच्या दोघी, पुढचं पाहून, उठता उठता बसल्या.

ढिवराने आम्हाला एकेक करून उंचवट्यावर आणलं. तिथे मातामायच होती, तेव्हा तिघींनी ओल्या अंगाने, शांतपणे, जे करायला उठल्या होत्या ते केलं. मीही केलं. दुसरा डोंगा मात्र ढिवरिणीने काठाला लावला नाही. उलटलेला डोंगा सरळ करायला नवऱ्याला मदत करायची होती म्हणून ती तशीच वळसा घालून पुढे गेली. त्या डोंग्यातल्या कुणालाच उतरता आलं नाही.

परत फिरावं असं मी म्हटलं. बायका म्हणाल्या की दर्शन झालं, भिजायचं होतं ते भिजलो, आता दवाखाना पाहिल्याशिवाय कशाला परतायचं? त्यांचं म्हणणं बिनतोड होतं. आम्ही ओल्या लुगड्यांनी वर्गात जाऊन बसलो. कात्री का उकळायची, नाळ कुठे बांधायची, रक्त किती गेलं तर घाबरायचं, असं बरंच सांगून झालं. सुनेने एकच प्रश्न विचारला, पण तो असा होता की शिकवणारीने तिच्याकडे नीट वळून उत्तर दिलं. परतताना आम्ही मातामायच्या अलीकडेच डोंगे काठाला लावले, सगळ्या उतरल्या, चालत पुढे गेल्या आणि पलीकडे परत बसल्या. सूनही उतरली. चुलत सासू तिच्यापासून चार हात लांब चालली.

दिवेलागणीच्या आत आम्ही घाटावर आलो. बातमी गुराख्यांनी आधीच नेली होती. घाटावर गर्दी होती. भिजलेल्या बायका एकेक करून उतरल्या, त्यांना कुणी काही बोललं नाही. उलट मातामायनेच तारलं म्हणून त्यांचं कौतुक झालं. मग कोरडा डोंगा लागला. चुलत सासूने पाय जमिनीवर ठेवला आणि सगळ्यांना ऐकू जाईल असं सांगितलं. "बशीवून ठेवलं इनं मले. मातामायपुढं. पदर बी घेऊ नाई देल्ला."

गाव ऐकत राहिलं. थोड्याच वेळात असं ठरलं की मातामायपुढे बसून राहिल्यामुळे डोंगा उलटला. पहिला डोंगा आधी उलटला आणि सुनेने चुलत सासूला ओढलं ते त्यानंतर, मागच्या डोंग्यात, हे मी सांगितलं. मी ओरडून सांगितलं. तर्क चांगला होता, पण गावाला तो नको होता. कुणाचा तरी अपराध सापडला की माणसांना बरं वाटतं, आणि तो अपराध कोरड्या लुगड्यात समोर उभा होता.

मी सुनेबरोबर तिच्या घरी गेले. मला कुणी बोलावलं नव्हतं, पण बेत माझा होता. अंगणात सासरा बाजेवर बसला होता. म्हातारी उंबऱ्याशी. चुलत सासू आमच्या आधी पोचून सगळं एकदा सांगून मोकळी झाली होती आणि दुसऱ्यांदा सांगत होती. तिचं संपल्यावर सासरा माझ्याकडे न पाहता म्हणाला, "भिजल्या त्या भिजल्या. वाळतीन. आपली कोरडी आली, हेच खराब झालं. भिजली असती तं बरं होतं."

पहिल्या खेपेची अट मोडली होती, आणि ती मोडली होती त्या खेपेत सगळ्यांत शहाणपणाने वागलेल्या बाईमुळे. मला इतकी चीड आली की मी तिथेच अंगणात ओलसर पदर पिळत राहिले. सून खाली पाहत उभी होती. आपली बाजू तिने मांडली नाही. त्या घरात सुनेला बाजू असते असं कुणाला वाटतच नव्हतं, बहुधा तिलाही नाही.

म्हातारीने तिला हाक मारली. जवळ बोलावून बसवलं आणि विचारलं, "डोंगा हालला तवा तुये हात कुठी होते?"

"काकूच्या कमरेले."

"दोन्ही?"

"दोन्ही."

म्हातारीने सुनेचे हात हातात घेतले आणि बोटं एकेक करून चाचपली. मुठी इतक्या जोरात आवळल्या होत्या की नखांजवळ सोलपटलं होतं. ते तिला बोटांनी कळलं. मग ती नवऱ्याच्या दिशेने तोंड करून बोलली. आवाज चढवला नाही.

"मंग ते उठन कशी? जिच्या हातात बाई आहे, तिनं उठाचं नसते. मातामाय सोता आली तरी नाई. मामाजी गेले तवा मी कुठी होती? खालच्या आळीत बाळंतीण धरून बसली होती. तुमीच आलते निरोप घेऊन. उठली का मी?"

बापाच्या शेवटच्या क्षणी बायको न आल्याचं सासऱ्याने इतकी वर्षं मनात ठेवलं होतं, हे मला त्याच्या तोंडावरून कळलं नाही. कळलं ते चुलत सासूमुळे, कारण तो विषय निघताच ती एकाएकी उठून आपल्या घरी गेली.

शेवटी तो मला म्हणाला, "पुढच्या बाजाराले पाणी राहीन का?"

मी म्हटलं, नदीवर आहे. काडी पाहून सांगू.

त्याने मान हलवली आणि बैल बांधायला गेला. सून तशीच बसून होती. म्हातारीने अजून तिचे हात सोडले नव्हते. ती तिला म्हणाली, "आता बाळंतणीसमोर तू बसाचं. दिवा मी धरीन."

म्हातारीला दिवा पेटलेला आहे की विझलेला, एवढंही नीट दिसत नव्हतं, आणि हे त्या अंगणात सगळ्यांना माहीत होतं.